टेप हातात घ्या, मग कॅबिनेट बघा

घरी कॉम्प्युटर असेंबल करायचा ठरला की सगळी चर्चा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची होते. रॅम किती, एसएसडी कुठली, यावर मित्रांशी तासन्‌तास बोलणं होतं. कॅबिनेट, म्हणजे हे सगळे भाग ज्यात बसतात तो डबा, मात्र यादीत शेवटी येतं, उरलेल्या पैशांत बसेल ते आणि फोटोत छान दिसेल ते. हा क्रम बदलावा असं मला मनापासून वाटतं. प्रोसेसर आणि बोर्ड (मदरबोर्ड, ज्याला बाकीचे भाग जोडतात) चार-पाच वर्षांत जुने होतात, ग्राफिक्स कार्ड त्याआधीही बदललं जातं. कॅबिनेटचं तसं नसतं. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे माप आणलं आणि बोर्डाच्या स्क्रूंच्या जागा आजही त्याच मापावर ठरतात. म्हणजे आज घेतलेलं चांगलं कॅबिनेट पुढच्या दोन-तीन कॉम्प्युटरांना सहज पुरतं, आणि वाईट निघालं तर तेवढीच वर्षं आतल्या प्रत्येक भागाला ताप देतं.

निवडीचा माझा क्रम असा: जागा, बोर्ड, आतली मापं, हवा. या चारांतून जी कॅबिनेटं उरतील त्यांतून दिसायला आवडेल ते खुशाल घ्या.

जागेपासून सुरुवात करा

आपल्याकडच्या बऱ्याच घरांत प्लायवुडचं कॉम्प्युटर टेबल असतं आणि त्याला ‘सीपीयू’ ठेवायचा एक उभा कप्पा असतो. हे कप्पे जुन्या कॅबिनेटांच्या मापाने बनवलेले, आणि ती कॅबिनेटं १७०-१८० मिमी रुंद असायची. आजचं साधं मिड-टॉवर, म्हणजे मध्यम आकाराचं उभं कॅबिनेट, २१० ते २३० मिमी रुंद असतं. ज्यांत एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) मागच्या वेगळ्या कप्प्यात जातो अशी दुहेरी कप्प्यांची कॅबिनेटं तर २७० मिमीच्याही पुढे जातात. म्हणून दुकानात किंवा वेबसाइटवर जाण्याआधी त्या जागेची रुंदी, उंची आणि खोली टेपने मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवा. कॅबिनेटच्या पुढून-मागच्या मापात मागच्या बाजूला आणखी १०-१२ सेमी धरा, कारण एचडीएमआय आणि पॉवरच्या केबल सरळ मागे येतात आणि नंतर वळतात.

कप्प्याला मागून फळी असेल किंवा पुढे दार असेल, तर कॅबिनेट त्यात ठेवू नका. मागच्या फॅनने फेकलेली गरम हवा तिथेच कोंडते आणि पुढचे फॅन तीच परत आत ओढतात. फळी काढता येत असेल तर काढा, नाहीतर कॅबिनेट टेबलावर किंवा शेजारी छोट्या स्टुलावर ठेवा. थेट लादीवर ठेवणं टाळलेलं बरं. लादी पुसताना पाणी खाली शिरतं, आणि घरातली धूळ व केस सगळ्यात जास्त जमिनीलगतच फिरतात. गादी किंवा जाड सतरंजी तर नकोच. बहुतेक कॅबिनेटांत एसएमपीएसचा फॅन खालून हवा घेतो आणि सतरंजीने तो मार्ग पूर्ण बंद होतो.

आपण कुठे राहतो तेही याच टप्प्यावर लक्षात घ्या. मुंबई, कोकण, गोवा इथल्या खाऱ्या दमट हवेत उघडा पत्रा गंजतो, त्यामुळे आतूनही रंग दिलेलं कॅबिनेट हवं. विदर्भ-खानदेशात प्रश्न उन्हाळ्याचा असतो. खोलीचं तापमान जितकं वाढतं, साधारण तितकंच आतल्या भागांचं वाढतं. परदेशी चाचण्या बहुतेक वेळा २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. तिथे ग्राफिक्स कार्ड ६८ अंशांवर दिसलं, तर ४० अंशांच्या खोलीत ते ८०च्या पुढे गेलेलं दिसेल किंवा फॅन पूर्ण जोरात फिरू लागतील. म्हणून नागपूर-जळगावकडच्या वाचकांनी हवेच्या बाबतीत अजिबात तडजोड करू नये. घरात पाण्याचा कूलर लावत असाल तर त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येणार नाही अशी जागा निवडा.

बोर्डाचं माप

इथे फार वेळ लागत नाही. एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिमी, मिनी-आयटीएक्स १७० × १७० मिमी. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलट होत नाही.

एक ग्राफिक्स कार्ड, दोन एसएसडी, फारतर एक हार्ड डिस्क, एवढ्यावर बहुतेक घरांचं भागतं. त्यासाठी मायक्रो-एटीएक्स बोर्ड पुरेसा असतो आणि कॅबिनेटही आटोपशीर मिळतं. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहून दरवर्षी घर बदलणाऱ्यांना मी हाच आकार सुचवेन. मिनी-आयटीएक्स दिसायला मोहक, पण बोर्ड महाग, त्याला बहुधा एसएफएक्स या छोट्या आकाराचा महाग एसएमपीएस लागतो आणि आत प्रत्येक मिलिमीटरचा हिशोब करावा लागतो. पहिल्यांदाच असेंबल करत असाल तर त्या वाटेला जाऊ नका. ई-एटीएक्स लिहिलेला बोर्ड घेत असाल तर त्याची नेमकी रुंदी बघा, कारण या एकाच नावाखाली वेगवेगळ्या रुंदीचे बोर्ड विकले जातात.

अलीकडे काही बोर्डांवर केबल जोडायच्या जागा मागच्या बाजूला असतात. असूसचे बीटीएफ आणि एमएसआयचे प्रोजेक्ट झीरो बोर्ड असे आहेत. त्यांच्यासाठी मागच्या पत्र्याला मुद्दाम खाचा पाडलेलं कॅबिनेटच लागतं.

आतली मापं

वहीचं एक पान घ्या. डावीकडे आपल्या भागाचं माप, उजवीकडे कॅबिनेटची मर्यादा. दोन्ही आकडे कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या पानावर मिळतात. विक्रीच्या वेबसाइटवरच्या वर्णनावर विसंबू नका, तिथे दुसऱ्याच मॉडेलचे आकडे चिकटवलेले सापडतात.

पहिलं माप ग्राफिक्स कार्डाची लांबी. दोन फॅनची बरीचशी कार्डं २४० मिमीच्या आसपास असतात, तीन फॅनची ३०० ते ३४० मिमी. एकाच चिपची वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं लांबीने बरीच वेगळी असतात, म्हणून नुसतं ‘आरटीएक्स ४०६०’ बघून चालत नाही, पूर्ण मॉडेल बघायचं. कॅबिनेटची मर्यादा वाचताना तो आकडा पुढे फॅन किंवा रेडिएटर (लिक्विड कूलरमधला द्रव थंड करणारा भाग) धरून आहे की न धरता, हेही तपासा. समजा मर्यादा ३४० मिमी आहे आणि ती पुढे काहीही न बसवता दिली आहे. लिक्विड कूलरचा रेडिएटर साधारण २७ मिमी जाड, त्यावरचा फॅन २५ मिमी, म्हणजे ५२ मिमी गेले आणि उरले २८८. तीन फॅनचं कार्ड इथेच अडतं. १५-२० मिमी मोकळे राहतील असं गणित ठेवा, कारण कार्ड तिरकं करून आत घालावं लागतं.

दुसरं, प्रोसेसरच्या कूलरची उंची. टॉवर कूलर (प्रोसेसरवर उभा बसणारा उंच कूलर) घेणार असाल तर हा आकडा फार महत्त्वाचा. डीपकूलचा एके४०० हा लोकप्रिय कूलर १५५ मिमी उंच आहे, नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिमी. १६० मिमी मर्यादेच्या कॅबिनेटमध्ये पहिला आरामात बसेल, दुसरा बसवला तर बाजूच्या दाराची काच लागणारच नाही. कॉर्सेअरच्या ४०००डी एअरफ्लोची मर्यादा १७० मिमी आहे, तिथे दोन्ही बसतात. प्रोसेसरबरोबर आलेला बुटका कूलरच वापरणार असाल तर आज प्रश्न येणार नाही, पण पुढे कूलर बदलायची इच्छा होतेच. १६० मिमीच्या खाली मर्यादा असलेलं मिड-टॉवर मी घेणार नाही.

तिसऱ्या मापाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही: ग्राफिक्स कार्डाची बोर्डापासून काचेकडे येणारी रुंदी. पॉवरची केबल कार्डाच्या याच कडेला लागते. नव्या १६ पिनांच्या जोडणीत केबल पिनांपासून साधारण ३५ मिमीपर्यंत सरळ राहावी, लगेच मुडपू नये, अशी शिफारस आहे. आरटीएक्स ४०९०चं एनव्हिडियाचं स्वतःचं कार्ड १३७ मिमी रुंद आहे. त्यात ३५ मिळवा, १७२ होतात. अरुंद कॅबिनेटमध्ये काच बंद करताना केबल दाबली जाते आणि जोडणी सैल होऊन तापू शकते. मोठं कार्ड घेणाऱ्यांनी हा हिशोब जरूर मांडावा.

एसएमपीएसबद्दल थोडक्यात: एटीएक्स एसएमपीएस १५० मिमी रुंद, ८६ मिमी उंच आणि बहुधा १४० ते १६० मिमी लांब असतो. त्याच्या पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा असतो आणि या दोघांच्या मधल्या फटीत सगळ्या उरलेल्या केबल कोंबाव्या लागतात. हार्ड डिस्क वापरणार नसाल तर तो पिंजरा स्क्रू काढून बाहेर येतो का, ते बघा. रेडिएटर छतावर बसवणार असाल तर रॅमची उंची बघा, तिथेही तेच ५२ मिमी आडवे येतात. आणि बोर्डामागच्या पत्र्यात आणि दारात निदान २० मिमी अंतर हवं. बोर्डाची २४ पिनांची जाड केबल तिथून जाते. अंतर कमी असेल तर दार फुगतं आणि ते बंद करायला गुडघा लावावा लागतो.

हवा कुठून येते, कुठून जाते

कॅबिनेटचं खरं काम हे आहे. थंड हवा पुढून आत यावी, कार्ड आणि कूलरवरून जावी, मागून आणि वरून बाहेर पडावी. मग पुढच्या बाजूला अखंड काच असेल तर हवा येणार कुठून? अशा कॅबिनेटांत काचेच्या कडेला बोटभर फट ठेवलेली असते आणि काचेमागचे तीन चमकदार फॅन त्या फटीतून श्वास घ्यायची धडपड करतात. बाजारात ही कॅबिनेटं भरपूर दिसतात, फोटोत उठून दिसतात, आणि मी ती कुणालाही घ्या म्हणणार नाही. पुढे जाळी असलेलं घ्या.

जाळीही नीट बघा. पुढचं पॅनल ओढून काढा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. पलीकडचा उजेड सरळ दिसला तर हवाही सरळ जाईल. काही कॅबिनेटांत जाळीच्या मागे प्लास्टिकची बंद पट्टी असते आणि छिद्रं नुसती शोभेची असतात. काहींत जाळीमागे जाड स्पंज असतो. तो धूळ अडवतो, पण हवाही अडवतो. सगळ्यांत चांगली रचना म्हणजे बारीक जाळी, तिच्यामागे पातळ नायलॉनचा फिल्टर आणि तो फिल्टर पॅनल न तोडता हाताने निघावा.

दुहेरी कप्प्यांची, पुढे आणि बाजूला दोन्हीकडे काच असलेली कॅबिनेटं यात बसत नाहीत. त्यांत हवा तळातून आणि बाजूने घ्यायची असते, म्हणजे तळाला फॅन लावलेच पाहिजेत. अशा कॅबिनेटचा खर्च मोजताना तीन ते सहा फॅनचे पैसे त्यात मिळवा, बरीचशी मॉडेलं फॅनशिवाय विकली जातात.

किती फॅन पुरेत? साध्या गेमिंग कॉम्प्युटरला पुढे दोन किंवा तीन आत ओढणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढ्यावर उत्तम चालतं. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी. मग जास्तीची हवा फटींतून बाहेर पडते आणि धूळ मुख्यतः फिल्टर असलेल्या जागीच अडकते. बाहेर फेकणारे फॅन जास्त झाले की हवा प्रत्येक फटीतून आत खेचली जाते आणि पाण्याच्या टाकीखालच्या कोनाड्यासारखे धुळीचे थर सगळीकडे बसतात. छताला फॅन लावायचाच असेल तर मागच्या कोपऱ्याजवळ लावा. पुढच्या कोपऱ्यावरचा फॅन नुकतीच आत आलेली ताजी हवा कूलरपर्यंत पोचण्याआधीच बाहेर फेकतो.

१४० मिमीचे फॅन १२०च्या फॅनपेक्षा कमी वेगात तेवढीच हवा ढकलतात, म्हणून शांत असतात. मात्र दोन्हींच्या स्क्रूंच्या जागा वेगळ्या. १२० मिमीच्या फॅनची छिद्रं १०५ मिमी अंतरावर, १४०च्या फॅनची १२४.५ मिमीवर. कॅबिनेटमध्ये दोन्हींची सोय असेल तर बरं.

स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेले फॅन कसे जोडायचे, हे विकत घेण्याआधी विचारा. चार पिनांचे, बोर्डाला लागणारे फॅन सगळ्यांत चांगले, वेग हवा तसा बदलता येतो. तीन पिनांचेही चालतात. थेट एसएमपीएसच्या मोठ्या चार पिनांच्या मोलेक्स जोडणीला लागणारे फॅन कायम एकाच वेगात फिरतात. आणि सहा पिनांची, त्या कंपनीपुरतीच चालणारी जोडणी असेल तर ते फॅन फक्त सोबतच्या कंट्रोलरवर आणि छोट्या रिमोटवर चालतात. कंट्रोलर बिघडला की सगळे फॅन बाद होतात.

पुढची बटणं आणि दिव्यांच्या वायरी

रोज हात लागतो तो या भागाला. कॅबिनेट टेबलाखाली राहणार असेल तर पोर्ट वरच्या कडेला हवेत, टेबलावर राहणार असेल तर पुढच्या बाजूला. दोन यूएसबी ३.० आणि एक टाइप-सी पुरे. टाइप-सीसाठी बोर्डावर त्याची स्वतंत्र जोडणी आहे का, ते बोर्डाच्या पुस्तिकेत बघा. ती नसेल तर कॅबिनेटवरचा पोर्ट नुसता दिसायलाच राहतो.

दिव्यांबाबत एक गोष्ट मनात पक्की ठेवा. एआरजीबीची (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठेवता येणाऱ्या रंगीत दिव्यांची) जोडणी ५ व्होल्टची, तीन पिनांची असते. जुन्या आरजीबीची १२ व्होल्टची, चार पिनांची. ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टच्या जोडणीत जोर लावून घातले तर ते जळतात. पिना जुळत नसतील तर थांबा.

दुकानात किंवा पार्सल आल्यावर

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात प्रत्यक्ष जाणं शक्य असेल तर जा. उघडून ठेवलेलं मॉडेल मागा आणि या गोष्टी करा. दोन्ही दारं काढा. पत्र्याच्या आतल्या कडांवरून बोट हळू फिरवा, धार लागली तर असेंबल करताना हात कापणार. मागचं पत्र्याचं दार मध्यभागी अंगठ्याने दाबा. ०.५ मिमीचा पत्रा डबडब वाजतो आणि फॅनबरोबर थरथरतो, ०.७-०.८चा ठाम राहतो. मग मागच्या बाजूला कार्डांच्या जागी असलेल्या पट्ट्या बघा. त्या स्क्रूने बसवलेल्या असाव्यात. स्वस्त कॅबिनेटांत त्या मोडून काढायच्या असतात आणि एकदा मोडली की ते भोक उघडंच राहतं. तिथून झुरळं आत जातात, पालही जाते, आणि पाल बोर्डावर गेली तर शॉर्टसर्किट होऊ शकतं.

किमती सतत हलत असतात, पण जाळी, तीन-चार फॅन आणि बरा पत्रा असं कॅबिनेट साधारण चार-पाच हजारांत मिळायला हरकत नाही. त्याच्या वरचे पैसे बांधणी, शांतता आणि सोयीसाठी जातात. दोन हजारांच्या कॅबिनेटबरोबर ‘एसएमपीएस फुकट’ मिळत असेल तर तो एसएमपीएस वापरू नका. महागड्या भागांना वीज पुरवणारी वस्तू तपासूनच घ्यावी.

ऑनलाइन मागवलं तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, पट्टी कापण्याच्या आधीपासून. काच वाटेत फुटलेली निघाली तर तोच पुरावा असतो.

जोडताना

काच काढली की ती गादीवर किंवा घडी घातलेल्या चादरीवर आडवी ठेवा, लादीवर उभी टेकवू नका. टफन्ड काच मधोमध बराच मार सोसते, पण तिची कड आणि कोपरा नाजूक असतो. सिरॅमिक टाइल फार कठीण, तिच्यावर कोपरा हलकाच टेकला तरी अख्खी काच क्षणात भुगा होते.

बोर्ड ठेवण्याआधी पितळी स्टँडऑफ (बोर्डाला पत्र्यापासून वर उचलून धरणारे छोटे खुंट) मोजा. बोर्डाला जिथे छिद्र आहे तिथेच ते हवेत. छिद्र नसलेल्या जागी एखादा राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करू शकतो.

कॉम्प्युटर सुरू करून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर दोष बहुधा कॅबिनेटचा नसतो, सॉकेटला अर्थिंग नसतं. एसएमपीएसमधल्या फिल्टरची किंचित गळती अर्थिंगमधून जायची असते, ती वाट नसली की पत्र्यावर येते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये कधीही लावू नका.

फॅनची दिशा तपासायला एक उदबत्ती पुरते. पेटवून पुढच्या जाळीपासून वीतभर अंतरावर धरा, धूर आत खेचला गेला पाहिजे. मागच्या फॅनजवळ धरा, तिथे तो बाहेर ढकलला गेला पाहिजे. एखाद्या फॅनपाशी उलटं दिसलं तर तो काढून फिरवून बसवा. साध्या फॅनमध्ये ज्या बाजूला आडव्या दांड्या आणि स्टिकर असतो, हवा त्या बाजूने बाहेर पडते.

फिल्टर महिन्यातून एकदा झटका, रस्त्यालगत किंवा बांधकामाजवळ राहत असाल तर पंधरा दिवसांनी. नायलॉनचा फिल्टर पाण्याने धुतला तरी चालतो, पण पूर्ण वाळल्यावरच परत लावा. आतून ब्लोअर मारताना कॉम्प्युटर बंद, प्लग काढलेला आणि प्रत्येक फॅनचं पातं बोटाने धरलेलं असू द्या. हवेच्या जोराने पातं बेफाम फिरलं तर बेअरिंग खराब होतं. गावी किंवा दुसऱ्या शहरात कॉम्प्युटर न्यायचा असेल तर ग्राफिक्स कार्ड आणि जड टॉवर कूलर काढून वेगळे बांधा, आणि त्यासाठी कॅबिनेटचं मूळ खोकं थर्माकोलसकट माळ्यावर ठेवा.